हिरवट थेंब

मोंतेविदेओचा रविवारचा बाजार. माझ्या फळीवर
एरमीनियोने तीन कादंबऱ्या मांडल्या :
"हिला या आवडायच्या. यांच्यासारखीच एखादी दे."
'आवडायच्या'ला अडखळला. मीही विचारलं नाही.

एकीत दोन बहिणी दीपगृहात अबोला धरतात,
दुसरीत गुरांचा डॉक्टर भावाला पत्रं लिहितो, टाकत नाही,
तिसरी खुनाची.
तिन्हींत साम्य काय? कपाळ!

मी गोष्टी सोडल्या, डाग वाचायला घेतले.
नळीने कडू माते ओढत वाचायची बाई;
समासात हिरवट थेंब, पानापानाला,
आणि मग एकदम बंद :
दीपगृहातलं मीठ संपतं तिथे,
पत्रात पहिलं खोटं येतं तिथे,
खुनाच्या तिसऱ्या दिवशी कुणी ताटं मांडतं तिथे.
पुढे पाणी गारच झालं असणार.

म्हणजे तिला हवी होती
बोलायचं टाळून भलतंच काम काढणारी माणसं.
खालच्या खोक्यातून एक उपसली :
लेखिका नवीन, नायक शिंपी,
मयताच्या घरी बटणं लावत बसणारा.
"पहिली चाळीस पानं रटाळ. सोसायची."
सुटी नाणी दोनदा मोजून त्याने ती नेली.

चौथ्या रविवारी आला, थर्मास काखेत.
"तिला नसती आवडली. शिंपी शेवटी रडतो."
मी परत घ्यायला हात पुढे केला.
त्याने दिली नाही.
"मला आवडली," जरा ओशाळून म्हणाला,
"हिच्यासारखी आहे एखादी?"

"आधी उघडून दाखव," मी म्हटलं,
"थेंब कुठे थांबलेत."