फक्की

पोतं अर्धंच दिलंय खजिनदारानं.
म्हणाला, ओ मामा, रेघा जरा पातळ मारा,
कप आला तर पुढल्या वर्षी रंग आणू.
आला तर.
ह्या आठवड्यात आमच्या क्लबात
ह्याच्या पुढचं वाक्य कुणी बोलत नाही.

नऊ वर्षं मी ह्या मैदानावर फक्की मारतोय.
त्याआधी सायझिंगला होतो, खळीच्या वाफेत,
म्हणजे हात तेव्हाही पांढरेच.
आठ लीगांत सात वेळा आम्ही तळाला,
एकदा तळाच्या वर,
कारण एक टीम मॅचला आलीच नाही.

रेल्वेनं एका रविवारी अकरा मारले होते.
अंबादास येमूल गोलात, सतरा वर्षांचा.
जाळी नव्हती तेव्हा.
अकरा वेळा तो नाल्यापर्यंत गेला,
बॉल शर्टाला पुसला
आणि सेंटरला आणून ठेवला,
पाहुण्यापुढं तांब्या ठेवावा तसा.

उद्या रेल्वेच.
बरोबरी पुरे. एक पॉइंट.
एक पॉइंट म्हणजे किती ओ?
बायको विचारते, विड्या वळता वळता.
मी म्हणतो, नऊशे पंच्याहत्तर झाल्या,
एक कट्टा ऱ्हायलाय.
आणि पान संपलंय? ती विचारते.
मी गप्प.
ती सुपातली कात्री उचलते, पुन्हा ठेवते.

पेपरात आलं, मागावरच्या पोरांनी विजय विणत आणला.
विणतंय कोण बे?
मल्लिनाथ टेम्पोनं अंडी पोचवतो,
रियाज नदाफ गाद्या भरतो,
हणमंतू खडी फोडायचा, आता लिफ्ट बसवतो.
धोटा स्पोर्टिंगमध्ये धोटा हातात धरलेला
मी एकटा,
आणि मला ऑफसाइड अजून नीट कळत नाही.

घोळ दुसराच झालाय.
चौथ्या दिवसाचं पाणी उद्या चारला सुटणार,
मॅच पण चारलाच.
पोरं व्हॉल्व्हवाल्याकडं जाऊन आली,
तो म्हणाला, चावी माझी, टाइम माझा नाही.
मग काल रात्री बायकांनीच बैठक घेतली,
तेलुगूत सुरू झाली, कन्नडात भांडली, मराठीत मिटली.
गल्लीमागं एकीनं थांबायचं, सगळ्यांची पिंपं भरायची.
चिठ्ठ्या टाकल्या.
आमच्या गल्लीची येमूलबाईला निघाली,
अंबादासच्या आईला.
बाकीच्या म्हणाल्या, परत टाकू.
ती म्हणाली, असू दे.
अकरा बघितलेत मी.
बारावा बघवायचा नाही.

ऊन उतरल्यावर दोरी ताणली.
टचलाइन झाली, पेनल्टी बॉक्स झाला,
कोपऱ्यावर एक कुत्रं झोपलं होतं, त्याला वळसा घातला,
मग उठवून सरळ केली.
गोलरेषेला आलो की हात जड होतो माझा.
खरं सांगतो, मनात आलं,
आपल्या बाजूची चार बोटं मागं घ्यावी.
चार बोटांनी कुणाचं काय जातंय?
घेतली. लांब जाऊन बघितली.
कुणाला कळली नसती.
मग आठवलं, हाफटाइमला बाजू बदलतात.
रिकाम्या मैदानात एकटाच हसलो, येड्यागत,
पायानं पुसली,
खांबाला खांब धरून पुन्हा मारली.

अंधार पडताना अंबादास आला.
चप्पल हातात, रेघ मोडू नये म्हणून.
गोलात उभा राहिला. बॉल नव्हता.
एका खांबाला हात लावला,
चार पावलं चालून दुसऱ्याला.
छब्बीसचा झाला, तरी तेवढीच चार.

मामा, पाणी किती वेळ असतंय उद्या?
दीड तास.
मॅचएवढंच की.
हां. मॅचएवढंच.

तो गेला तेव्हा पोत्यात मूठभर उरली होती.
झटकून सगळी सेंटरच्या ठिपक्यावर ओतली.
उद्या काहीही होवो,
सुरू कुठून करायचं
तेवढं तरी नीट दिसू दे.