पोहरा

मी शाफ्टपासून दीडशे पावलं लांब बसते.
खिडकीतून दोर दिसतो, तिरका, ग्रीसने चकाकणारा,
आणि पलीकडे मुफुलिराच्या रस्त्यावरचं एक आंब्याचं झाड.

खाण मी पाहिलेली नाही.
एकवीस वर्षं तिच्यातून माणसं आणि दगड काढतेय,
तरी नाही.

जे ठाऊक ते ऐकीव :
तांब्याच्या पट्ट्यापासून जरा हटून,
निबर खडकात उतरवली आहे ही विहीर,
कारण जे पोखरायचं, त्याच्यावर कुणी दार बांधत नाही.
तिच्यातून आडव्या वाटा निघतात तांब्याकडे.
पाळी सुटताना सुरुंग लागतो,
धूर निवेस्तोवर आत कुणी जात नाही.
मग लोडर कण्हत येतात,
फुटलेलं उचलून घळीत ओततात,
दगड आपल्याच वजनाने उतरत जातो,
क्रशर त्याला भरडतो,
मापाने भरला जातो पोहरा, बारा टन,
आणि मग

घंटा.

एक : थांब. दोन : सोड.
तीन : सावकाश, पिंजऱ्यात माणसं आहेत.
तीन वाजल्या की मी चहाचा कप खाली ठेवते.
ड्रमवर दोराचे वेढे चढतात,
तबकडीचा काटा नऊशे ऐंशीवरून निघतो
आणि माझा डावा तळहात ब्रेकवर घामेजतो, अजूनही.

आडात असेल तर पोहऱ्यात येईल, हे खरं.
पण आड दरसाल खोल जातो,
दोर लांबतो,
आणि शंभर दगडांतले अठ्ठ्याण्णव
नुसतेच दगड असतात.

खालच्या घंटेवर कासोंदे होता.
त्याच्या तिसऱ्या ठोक्याआधी एक श्वास असायचा,
जणू दार लागलंय ना, पुन्हा बघतोय.
मी त्याला कधी भेटले नव्हते.
मार्चमध्ये घंटा बदलली,
ठोके सारखे यायला लागले, बटणाचे.
कुणाला विचारू? आणि काय म्हणून?

परवा बाजारात
टोमॅटोच्या खोक्यावर एक म्हातारा बोटं वाजवत बसला होता,
मध्येमध्ये खोकत.
टक. टक.
…
टक.

माझा डावा हात आपोआप उचलला गेला.
"किती देऊ, बाना म्वेलवा?" त्याने विचारलं,
बाजारात सगळे मला तसंच म्हणतात.

दोन किलो घेतले. घरी होते, तरी.
त्याने तराजूचा काटा स्थिरावेपर्यंत वाट पाहिली,
मीही.