संत्र्याची साल

दिवसा मी दात घासतो, दुसऱ्यांचे.
म्हणजे कवळ्या. धंतोलीत, तळघरात,
प्युमिसच्या ओल्या भुकटीत फिरतं चाक
आणि त्यावर कुणाचं तरी हसू धरून
तीस वर्षं उभा.

रात्री गाडी.
तळहातावर मावते. एकास चोवीस मापाची
जुनी फियाट, डॉक्टर किनखेड्यांची होती तशी
जांभळट काळी. त्यांच्या गाडीच्या दारात
मी पहिल्यांदा पाहिली माझी मिसरूड,
रुंद, वाकडी, पण माझीच.
आत कधी बसलो नाही.

नवतप्यात रंग मारू नये
हे पुस्तकात लिहिलेलं नाही. पुस्तकं थंड देशांतली.
कूलर चालू ठेवला तर ओल्या हवेनं
वार्निशवर साय धरते, पांढुरकी,
पिकलेल्या मोतीबिंदूसारखी.
बंद केला तर थेंब नळीतून निघतो
आणि वाटेतच वाळतो.
पोचलाच, तरी पसरत नाही,
बारीक खळगे करून जागच्या जागी बसतो.
या दोषाला कारागिरांत एकच नाव आहे:
संत्र्याची साल.
हसलोच मी. इकडे कळमन्यात
ढिगापुढे उकिडवे बसून लोक
हीच साल दाबून भाव करतात,
आंबिया की मृग, सैल की घट्ट,
आणि मला ती खरवडून काढायची आहे.

म्हणून पहाटे चार.
कूलर गप्प, पंखा गप्प,
फरशीवर पाण्याचा हबका, धूळ बसावी म्हणून.
अंगात बनियनही नाही, त्याचेही तंतू उडतात.
पहिला हात कोरडा, धुक्यासारखा.
दुसरा ओला, भीती घालणारा,
अजून एक श्वास, की ओघळ.
तिसऱ्याला टपावर एक चिलट येऊन बसलं.
बसलं ते बसलंच.
ओल्या रंगात बोट घालणारा गाडी गमावतो.
मी हात मागे घेतला.

पंधरा दिवस नुसतं डबा उघडून हुंगणं.
वास आहे तोवर आत ओल आहे.
(बोंदरे गुरुजींनाही मी हेच सांगतो,
घाई नका करू, हिरड्या बसू द्या.)

मग पाणपेपर, दोन हजार नंबर,
वाटीत पाणी, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब.
घासताच सगळी चमक गेली.
चंद्रकला डोकावली, म्हणाली,
"चांगली होती ना, कायले मातीत घातली?"
मी धारांना जपत होतो.
बॉनेटच्या काठाला रंग सगळ्यात पातळ,
एक घास जास्त, की खालचा राखाडी प्रायमर दिसतो
सदऱ्याच्या फाटक्या कोपरातून दिसावं तसा.
"किनार पहिले विरते," बाबा म्हणायचे.
त्यांचा माग गोळीबार चौकात होता.
चिलट गेलं. एक पाय राहिला, पापणीच्या केसाहून बारीक.

मलम लावून बनियनच्या चिंधीनं
नऊ रात्री, छोट्या छोट्या गोलांत.
दहाव्या रात्री ट्यूबखाली धरली.
टपावर ट्यूबची पांढरी रेघ उमटली.
तिची कड थरथरते का, एवढंच बघायचं असतं.
गाडी तिरपी केली, रेघ सरकू लागली,
आणि वीज गेली.

गल्लीतले सगळे कूलर एकदम उसासा सोडून थांबले.
कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं.
मी तसाच बसून, हातात गाडी.

कवळीवर राहिलेला ओरखडा
डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही.
गिऱ्हाईक ती तोंडात घालतं
आणि जीभ सरळ तिथंच जाते.

अंधारात मी फियाट ओठांशी नेली.
कोमट होती.
बॉनेटवरून काचेच्या कडेपर्यंत, सावकाश,
साल कुठंच नाही. मग टप.
डाव्या खांबाजवळ
काहीतरी, नाहीच म्हणावं इतकं. तोच पाय.

वीज आली.
दारात चंद्रकला,
हातात न पेटवलेली मेणबत्ती.
"काय करून राहिले तुम्ही?"

"पाहून राहिलो," मी म्हटलं.