गोळाफेकीच्या खोलीतून

कॉलेजनं खोली दिली ती क्रीडा विभागाची.
भाले कोपऱ्यात तसेच, व्हॉलीबॉलची फाटकी जाळी,
आणि लोखंडी गोळा, ज्याच्यामुळे आता
मुलांचे निबंध पंख्यानं उडत नाहीत.
दारावर खडूनं मीच लिहिलं: लेखन मदत कक्ष.
चार दिवसांत कुणीतरी ‘लेखन’ पुसलं.
तसंच राहू दिलं.

रोवणीच्या दिवसांत कुणी फिरकत नाही,
धान घरात आलं की रांग.
डुलीचंद आला रजेचा अर्ज घेऊन,
त्यात आजार सोडून सगळं होतं.
खेमलता कापगते आली तलावांवरचा प्रकल्प घेऊन,
चाळीस पानं, मोबाइलवरून उतरवलेली.
विचारलं, ह्यात तू कुठे आहेस?
म्हणाली, मी तं मामा तलावाच्या पारीवर राहतो जी.
म्हटलं, मग तिथून सुरू कर.

सगळं नोंदवहीत लिहिते:
तारीख, नाव, काय घेऊन आले, काय घेऊन गेले.
शेवटचा रकाना बहुतेकदा रिकामा.
माझा पगार तासिकेवर,
आणि ह्या खोलीतल्या वेळेला तासिका म्हणत नाहीत.

फोनवर निरोप येतात न चुकता:
आदरणीय संशोधक, तीन दिवसांत प्रकाशन,
फक्त अठराशे रुपये, प्रमाणपत्र मोफत.
एकदा भरले.
अंक आला त्यात शहारेचं सहारे झालेलं,
समोरच्या पानावर कुक्कुटपालन.
मुलाखतीत कुणी तो उघडला नाही,
वरूनच गुण मोजले.

अमरावतीच्या उजळणी वर्गात, शेवटच्या बाकांवर,
आम्ही पाच जण एकमेकांना सापडलो.
जेवताना कळलं, प्रत्येकाची अशीच काहीतरी जागा आहे:
धारणीला जिन्याखाली,
पुसदला ग्रंथालयाच्या पडवीत,
मूलला प्रयोगशाळेत, आम्लाच्या वासात.
सिरोंच्याच्या समय्या सरांकडे खोलीच नाही,
चिंचेखाली दोन खुर्च्या.
आता महिन्याच्या शेवटच्या शनिवारी
एकाचं लिहिलेलं चौघं वाचतात.
समय्या सर रेंजसाठी नदीकाठी जातात,
त्यांचं मत तुटत तुटत येतं:
तिसरा परिच्छेद... पुन्हा... कुणासाठी...
तेवढं पुरतं.

पुसदच्या कुमुद आडेंनी पाठवलं ते आवाहन.
त्रैमासिकाचा विशेषांक, लिहिणं शिकवणाऱ्यांविषयी.
शुल्क नाही. संपादक उत्तर देतात.
‘उत्तर देतात’खाली कुमुदनं दोन रेघा ओढल्या होत्या.

पाठवलं. उत्तर खरंच आलं, दीड पान.
नमुना लहान आहे.
सैद्धांतिक चौकट दिसत नाही.
तरी सोडू नका, दिवाळीपर्यंत थांबतो.
मी दाराकडे पाहिलं.
वाळवीनं डावी बाजू केव्हाच खाल्ली होती,
दार आम्ही नुसतं टेकवतो.

त्याच दुपारी खेमलता आली,
आपले कागद ठेवले आणि माझे उचलले.
‘संशोधिकेच्या निदर्शनास असे आले की...’
पेन्सिल चावत वाचत राहिली.
राइस मिलचा कोंडा खिडकीतून आत येत होता.
मग म्हणाली,
याच्यात तुमी कोठी आहा जी, मॅडम?

मी वाक्य खोडलं.
लिहिलं: मी पाहिलं.
मग बराच वेळ काही सुचेना,
काय पाहिलं
हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

जाताना तिनं नोंदवही ओढली. तारीख टाकली.
नाव: शहारे मॅडम. श बरोबर.
काय घेऊन आले: आठ पानं.
काय घेऊन गेले,
तिथे पेन्सिल थांबली.
गोळा उचलून तिनं माझ्या पानांवर ठेवला,
म्हणाली, थे तुमी भरा,
माही बस आहे.