ढील

गुरुवार. नळाला पाणी नाही.
धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर,
जेवणाच्या टेबलावर आडवा पडलाय काळा डबा,
एक अंग काचेचं.
शाल्मलीनं तो तपकीर गल्लीतून रिक्षानं आणला, मांडीवर घेऊन,
तान्ह्या बाळासारखा, असं लिहिणार होते,
पण बाळाला एवढ्या वायरी नसतात.

मदरबोर्ड बसला. पंखे बसले.
उरल्या केबली.
चोवीस पिनांची, जाडजूड, वाकायला साफ नकार देणारी.
प्रोसेसरची, जिला वरच्या कोपऱ्यातल्या भोकातूनच जायचंय
आणि नेमकी चार बोटं कमी पडते.
पंख्यांच्या शेपट्या, दिव्यांच्या शेपट्या,
आणि पुढच्या बटणाच्या त्या किडुकमिडुक,
ज्यांच्यावरची अक्षरं माझ्या चष्म्यालाही दाद देत नाहीत.

शाल्मली म्हणाली, सगळं मागे कोंबू.
पत्रा लावला की कोण बघतंय?

दादांनी पेपर खाली ठेवला.

यशवंत कुदळे,
चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात.
जमिनीखालून येणारी मनगटाएवढी केबल सोलायची,
आतले शेकडो धागे जोडीजोडीनं वेगळे करायचे.
निळा, केशरी, हिरवा, चॉकलेटी, राखाडी:
मला दोनाच्या आधी हा पाढा यायचा.
मग घराघरातले फोन गेले
आणि पाढा कुणी विचारेना.

"मागचीच बाजू कुणीतरी बघतं," दादा म्हणाले.
"पुढची फक्त मालक बघतो."

प्लास्टिकच्या पट्ट्या त्यांनी बाजूला सारल्या.
ही निरगाठ. एकदा आवळली की कापावीच लागते,
आणि कात्री कुठे लागेल, सांगवत नाही.
गोणी शिवायचा दोरा काढला,
अर्ध्या मेणबत्तीवरून तीनदा ओढला.
आजोबा, आत गरम होतं, मेण वितळेल.
किती गरम?
चाळीस तरी.
"मग काय, एप्रिलातला आपला स्वयंपाकघर ओटा."

हात थरथरतो त्यांचा. कपाखाली बशी वाजते.
दोरा हातात आला आणि थरथर थांबली,
असंही लिहायला आवडलं असतं.
थांबली नाही.
दोरा तिसऱ्या खेपेला ओवला गेला,
आणि शाल्मलीनं गाठीवर बोट धरलं,
मी धरायचे तसं.

प्रत्येक वळणावर ते वीतभर सैल सोडत होते.
"ढील ठेव. ती काय पतंगालाच लागते?
ताणलेली तार लगेच तुटत नाही गं.
सांध्यातून निसटत राहते, महिनोन्‌महिने,
आणि लोक म्हणतात, पलीकडून आवाज येत नाही."

मी टेबलावरचा माझा फोन
उलटा करून ठेवला.

दुपारी चारला डबा चालू झाला.
काचेतून निळे-जांभळे दिवे फिरायला लागले.
दादा म्हणाले, "गणपतीत बरा दिसेल,"
आणि पेपरमधलं अर्धं कोडं सोडवायला गेले.

पुढच्या उन्हाळ्यात पॉवर सप्लाय गेला.
दुकानातून तौसिफ आला, दातांत टॉर्च, हातात कात्री,
कात्रज रस्त्याची धूळ फुंकरीनं उडवत.
मागचा पत्रा सरकवला
आणि तसाच उकिडवा बसून राहिला.
बोटबोट अंतरावर सुरगाठी, एका रांगेत,
आणि वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, गिचमिड अक्षरात:
मागचा पंखा.
डिस्क (बहुतेक).
ही ओढू नये.

कात्री खिशात गेली.
एक टोक धरून त्यानं ओढलं,
गाठ सुटली, हवी होती तेवढीच.
"कुणी बांधलंय, ताई?"
मी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं,
जिथून घोरणं येत होतं.

नवा सप्लाय बसला. दिवे फिरले.
फक्त गाठ त्याला परत मारता येईना.
मग चहा टाकला
आणि दादांना उठवलं.