तरवड

अक्कलकोट रोडला माझी रोपवाटिका.
जास्वंदीचे अकरा रंग, मोगरा, अनंत,
आणि पुढं, गाडीतून दिसतील अशी, शोभेची पामं.

पोशव्वा विडी घरकुलातून चालत आली.
"तंगेडू हाय का ओ?"
म्हटलं, असलं काही नसतं आमच्याकडं.
तिनं विड्या वळून गुळगुळीत झालेली बोटं
हवेत उघडली, पाच पाकळ्या, मधे वाकडे केसर,
तेव्हा ओळखलं. तरवड.
हसलोच मी.
शेळी ज्याला तोंड लावत नाही
ते विकत कोण घेईल?

"माळावर प्लॉट पडले.
दगडाला नंबर घातलेत.
यंदा बतकम्मा झेंडूवर भागवली,"
असं म्हणून तिनं पदराची गाठ सोडली.
चपट्या, वाळक्या शेंगा. तारेच्या कुंपणाला
चिकटून एकच झुडूप राहिलं होतं, त्याच्या.

मला फूल ठाऊकच नव्हतं.
आमच्या घरात तरवड म्हणजे साल.
आजोबा गाडीभर फांद्या आणायचे,
आजी सोलायची, कुटायची,
हौदात कातडं, कातड्यावर साल, सालीवर पाणी.
पंधरवड्यात पाणी चहासारखं व्हायचं.
त्या वासावरून शाळेत
माझा बाक ठरला होता.
वडिलांनी हौद बुजवला.
जास्वंदी आहेत ना, त्याच्यावरच आहेत.

रात्री शेंगा फोडल्या.
बी टणक. गरम पाणी ओतून झाकून ठेवलं.
सकाळी फुगलेलं वेगळं काढलं,
हट्टी होतं ते विटेवर घासलं.
मुरूम जास्त, काळी माती कमी,
शेणखत नुसतं दाखवण्यापुरतं,
लाड केले की पाला माजतो, फूल येत नाही.
पाणी बेतानं. ते शिकवावं लागलं नाही,
आमचा नळ पाचव्या दिवशी येतो.

दोन वर्षं गेली.
साखरवाली माणसं चहाला फुलं मागू लागली,
एक रिटायर मास्तर रोज दातणाला
काडी मोडून न्यायचे, फुकट.
मी पाटी रंगवली: तरवड, रु. ३०.

पितरांच्या अवसेला पोशव्वा आली.
झाड अंगभर पिवळं.
मी सवयीनं फांदीला हात घातला,
"मोडू नको! खुड."
पण अंगठ्यानं तोवर
साल सोललीही होती, बोटभर,
घरातल्या तीन पिढ्यांच्या अंगठ्यांसारखी.
वास आला. मी हात मागं घेतला, पाठीशी.

तिनं तो ओढून नाकाशी धरला.
"माळाचा वास येतोय की ओ,"
म्हणाली, आणि परत एकदा हुंगला.

फुलं परातीत, रोप रिक्षात.
तीस रुपये मोजून दिले तिनं, सगळी नाणी.
मी पाच परत केले,
कशाचे, ते तिनं विचारलं नाही.