उघाडी

मुचकुंदीच्या खाडीला बांध आहे, काळ्या दगडाचा,
आणि बांधाला उघाडी, म्हणजे एक फळीचं दार.
ओहोटीला आतलं गोडं पाणी ते ढकलून बाहेर पडतं,
भरतीला समुद्रच बाहेरून दाबून लावून घेतो.
एकोणतीस वर्षं हे त्या दारावर होते.
खारलँडच्या हजेरीबुकात नाव: शिरधनकर सो. भि.

हे म्हणायचे, बांध लाटेनं जात नाही गो,
लाट दिसते, तिला दगड लावता येतो.
बांध जातो खेकड्याच्या बिळानं.
बोटाएवढं बीळ, आतल्या आत पाझर.
पहिल्या साली मेरेकडचा भात पिवळा पडतो,
आपण म्हणतो, बियाणं वाईट.
आणि सातव्या साली पार वरच्या वाडीत
कुणीतरी विहिरीच्या पाण्यानं चूळ भरतं
आणि थुंकून टाकतं.

यांचं पोट बिघडलं ते धाकटीच्या बारशाच्या साली.
आव, रक्त, रात्री चार-चारदा कंदील घेऊन परसाकडे.
कुड्याची साल उगाळून झाली, बेलफळ झालं.
रत्नागिरीला नळी घालून बघितलं: आतड्याला सूज.
गोळ्या घ्यायचे, बरं वाटलं की सोडायचे.
पुरुषमाणूस पोटाचं कुणाला सांगतो?

मग नाक गेलं.
चिखल हुंगून जे सांगायचे, इथून चार पावलांवर खारं शिरलंय,
त्यांच्यासमोर मी एकदा सुकट करपवली,
घरभर धूर, आणि हे विचारतात, आज काय केलंयस?
मी हसले.

हजेरीबुकातलं अक्षर जवळ्याएवढं झालं.
साहेब म्हणाले, चष्मा बदला.
उजव्या हाताची दोन बोटं तंबाखू मळू लागली.
तंबाखू सोडून तेव्हा बारा वर्षं झालेली.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी हात बघितला, चालायला लावलं,
आणि विचारलं, पोटाचं काय? आधीपासून?
मी म्हटलं, बाई, हात थरथरतोय यांचा.
त्यांनी कागदावर एक रेघ काढली,
आतड्यापासून वर, छातीतून, मानेतून, मेंदूच्या बुडापर्यंत.
एवढी लांब शीर असते माणसात, मला ठाऊक नव्हतं.
म्हणाल्या, काहींच्यात सुरुवात इथं खाली होत असावी,
सुजल्या जागी एक प्रथिन चुकीचं दुमडतं,
त्याचं बघून शेजारचं,
आणि ती चूक वर चढत जाते, वर्षानुवर्षं.
"पोट बिघडलेल्या प्रत्येकाला हे होत नाही हं.
आणि यांचं तसंच झालं, असंही मी छातीठोक नाही सांगणार.
अजून शोधतायत."
हे त्या रेघेकडे बघत होते.
कितीतरी वेळानं, चेहरा तसाच, लाकडाचा,
म्हणाले: बीळ.

आता गोळी आधी, मासा मग.
बांगडा तव्यावर, आणि आम्ही दोघं घड्याळाकडे तोंड करून.
उंबऱ्याशी पाय रुततात, गुडघाभर चिखल असल्यासारखे,
खाली तर साधी शहाबादी फरशी.
तिच्यावर मी खडूनं आडव्या रेघा मारल्यात, हात-हातभर अंतरानं.
मेर समजा, म्हणते, ओलांडा.
आणि ओलांडतात!
रेघ संपली की पुन्हा उभे.
पावसाळी हवेत खडू पुसला जातो, रोज सकाळी नव्यानं.

उघाडी गेल्या आगोटीला खात्यानं बदलली, लोखंडी केली.
हे विचारतात, बिजागरीला तेल कोण घालतं?
कोण घालणार.

मुलगा चाकणला असतो.
फोनवर मी हल्ली जेवलास का विचारत नाही,
पोट कसं आहे, विचारते.
"आई, काय गं तुझं हे नेहमीचं," तो हसतो.
मी फोन कानाला धरून उभी राहते,
तो सांगेपर्यंत.